कार्बोरेटर बदला, पण पंपाकडे बघा

आम्ही कापडाचे व्यापारी. सातारा-सांगलीच्या पेठांत वसुलीसाठी जुनी फियाट वर्षानुवर्षे फिरवली, म्हणून दोन शब्द.

मूळ कार्बोरेटर झिजला की काही गॅरेजवाले मोटारसायकलचे कार्बोरेटर बसवतात. हुन्नर आहे, नाकारत नाही. पण मोटारसायकलला पेट्रोल वरच्या टाकीतून आपल्या वजनाने उतरते. फियाटमध्ये पंप ते दाबाने ढकलतो. त्या दाबापुढे फ्लोटची सुई टिकत नाही आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते. आमच्या गाडीचे तसेच झाले. आग लागता लागता वाचलो. म्हणून दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच. जेट इंजिनाच्या मापाचे हवेत, आणि कार्बोरेटर दोन असतील तर दोन्हींची ओढ सारखी जुळवली पाहिजे.

दुसरी गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडीच 'विंटेज' म्हणून नोंदते. इंजिनात मोठा फेरफार केलेली नाही. तेव्हा काढलेला कार्बोरेटर भंगारात घालू नका, मालकाच्या हाती द्या.

ताग्यातला डाग आम्ही गिऱ्हाइकाला आधी दाखवतो. गॅरेजवाल्या बांधवांनीही जोखीम आधी सांगावी, मग मजुरी ठरवावी. धंदा टिकतो तो विश्वासावर.