आकड्यांत न येणारा माणूस

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला श्वान झंजीर 16 नोव्हेंबर 2000 रोजी गेला. हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा त्याचे वय अवघे आठ वर्षांचे होते. शासकीय इतमामात त्याला निरोप देण्यात आला. त्या दिवशीचे एक छायाचित्र अजूनही मोबाइलवरून फिरत असते. फुलांखाली निजलेला लॅब्रेडोर, त्याच्यावर वाकून पुष्पचक्र ठेवणारा गणवेशातला अधिकारी आणि खाली त्याच्या कामगिरीचा हिशेब: 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब, 6,406 जिवंत काडतुसे. वाचणारा थक्क होतो, हात जोडल्याचे चिन्ह टाकतो आणि पुढच्या संदेशाकडे वळतो. त्या आकड्यांत एक माणूस कुठेच येत नाही. तो म्हणजे झंजीरच्या गळ्यातला पट्टा ज्याच्या हातात होता तो हस्तक. 16 नोव्हेंबर हा दिवस त्याचाही आहे, असे आम्हाला वाटते.

12 मार्च 1993 च्या दुपारी शेअर बाजारापासून सुरू झालेल्या स्फोटमालिकेत मुंबईत 257 माणसे मेली. पुढचे कित्येक दिवस या शहराला रस्त्याकडेची प्रत्येक बेवारस बॅग आणि उभी स्कूटर संशयित वाटत होती. तो संशय खोटाही नव्हता. न फुटलेली स्फोटके खरोखरच शहरात पडून होती. धनजी स्ट्रीटवरच्या एका स्कूटरमध्ये झंजीरने ती हुडकली. तेव्हा त्याचे वय सव्वा वर्षाच्या आसपास, पुण्याच्या शिवाजीनगरच्या केंद्रातले शिक्षण नुकतेच संपलेले. लोकांना दूर हटवून रस्ता मोकळा करायचा आणि मग त्या मोकळ्या रस्त्यावर दोघांनीच पुढे जायचे, अशी ही नोकरी. कुत्रा पुढे, माणूस मागे; मधे चार-सहा फुटांचा पट्टा. स्फोट झालाच तर त्या पट्ट्याच्या दोन टोकांत काडीचाही फरक राहत नाही.

हे काम चालते कसे, ते जरा जवळून पाहिले पाहिजे. स्फोटकाचा वास लागला की कुत्र्याने भुंकायचे नाही, पायाने उकरायचे नाही. जागच्या जागी गुमान बसायचे. त्या बसण्यात गफलत चालत नाही. पण कुत्रा बसण्याच्या आधीच हस्तकाला सुगावा लागलेला असतो. शेपटी जरा ताठ होते, श्वासाची लय बदलते, चाल अर्धे पाऊल आखडते. दुसऱ्या कोणाला हे दिसणार नाही. रोज सकाळी त्याच्या अंगावरून ब्रश फिरवणाऱ्याला, त्याचे कान आणि पंजे तपासणाऱ्याला, कालच्यापेक्षा आज त्याने कमी खाल्ले हे ताटलीवरून ओळखणाऱ्यालाच ते दिसते. साधारणपणे एका श्वानामागे दोन हस्तक नेमलेले असतात. एक रजेवर गेला तर दुसरा हजर हवा. तरी कुत्र्याचा जीव कोणावर अधिक, हे पथकात सगळ्यांना ठाऊक असते.

आणि त्या कुत्र्याला काय ठाऊक असते? आरडीएक्स म्हणजे काय हे त्याला कळत नाही. शहर, राष्ट्र, कर्तव्य, बलिदान हे आपले शब्द आहेत. त्याच्या लेखी तो खेळ असतो. ठरावीक वास सापडला की चेंडू मिळतो आणि आपला माणूस शाबासकी देतो. आपण त्याच्या मरणावर ‘शहीद’ असे लिहितो तेव्हा आपली कृतज्ञता खरीच असते, पण ती त्याला न कळणाऱ्या भाषेत असते. त्याने जीव लावला तो एका माणसाला, त्या माणसाने पुढे जा म्हटले म्हणून तो पुढे गेला. हे त्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्याचे दुःख घरातला लाडका कुत्रा गेल्याच्या दुःखाहून वेगळे असते. घरच्या कुत्र्याला आपण संकटापासून लांब ठेवतो. हस्तक आपल्या कुत्र्याला रोज संकटाकडेच घेऊन जातो, तेही त्याच्या विश्वासाच्या बळावर. ते जनावर आजाराने गेले तरी हा हिशेब मनातून पुसला जात नाही.

जम्मू-काश्मीरमध्ये तर हा हिशेब मांडायलाही उसंत मिळत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनाग जिल्ह्यातल्या चकमकीत लष्कराच्या ‘झूम’ या श्वानाला गोळ्या लागल्या आणि तीन दिवसांनी श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात तो गेला. त्याच्या अडीच महिने आधी बारामुल्ला जिल्ह्यात ‘अ‍ॅक्सेल’ गेला होता. सप्टेंबर 2023 मध्ये राजौरीत ‘केंट’ नावाची सहा वर्षांची लॅब्रेडोर आपल्या हस्तकाला वाचवताना मारली गेली. तो जवान जगला. उरलेले आयुष्य आपल्याला कोणाकडून मिळाले, हे त्याने कुठे नोंदवायचे? ऑगस्ट 2015 मध्ये तंगधारला मात्र असा प्रश्नच उरला नाही. ‘मानसी’ आणि तिचा हस्तक बशीर अहमद वार, दोघेही एकाच चकमकीत कामी आले.

त्याच 2015 साली आणखी एक गोष्ट माहितीच्या अधिकारातून उघड झाली. सेवेच्या कामाचे न उरलेले लष्करी श्वान इंजेक्शन देऊन मारले जात होते. त्यावर ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, धोरण बदलावे लागले. तोवर किती हस्तकांनी पट्टा दुसऱ्याच्या हाती सोपवून पाठ फिरवली असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. हुकूम मानायची सवय असलेली ही माणसे. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, याचा अर्थ त्यांना काही वाटले नाही असा होत नाही.

आपल्या मुंबईचेही बघा. 26/11 च्या रात्री काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार श्वान निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरावर राहिले. एका प्राणिप्रेमी कुटुंबाने आपुलकीने त्यांना सांभाळले. मॅक्सने ताजच्या बाहेर स्फोटके हुडकली होती, सीझरने सीएसटीवर हातबॉम्ब. 2016 या एकाच वर्षात चौघेही गेले. एप्रिलमध्ये मॅक्स, मग सुलतान, मग टायगर, ऑक्टोबरमध्ये सीझर. सोबती गेल्यावर सीझर खचला होता, असे सांभाळणाऱ्यांनी तेव्हा सांगितले होते. वृत्तपत्रांनी ‘26/11 चा शेवटचा वीर’ म्हणून मथळे दिले (आम्हीही त्यातलेच). त्या मथळ्यांच्या गर्दीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. ज्यांनी शहर वाचवले त्यांच्या म्हातारपणाची सोय कोणाच्या तरी खासगी चांगुलपणावर का सोडली गेली?

काम करणाऱ्या कुत्र्याचे सुतक महाराष्ट्राला नवे नाही. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर रात्री राखणीला कुत्रीच असतात. लांडग्याची चाहूल आधी त्यांना लागते आणि बिबट्या आला तर पहिला घास बऱ्याचदा तीच होतात. सकाळी मेंढरे मोजायची, कुत्र्याला माती द्यायची, घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामाला निघायचे. तिथे मानवंदना नसते. पण त्या कुत्र्याचे नाव वाड्यातल्या लहान पोरालाही माहीत असते, त्याने कुठल्या रानात काय केले हे पुढच्या मुक्कामी चुलीपाशी सांगितले जाते, आणि दुःख करणाऱ्याला कोणी हसत नाही. पोलीस वसाहतीतल्या हस्तकाला एवढीही मुभा नसते. ‘अरे, कुत्राच होता’ हे वाक्य त्याला बाहेरचेच नव्हे, कधी कधी खात्यातलेही ऐकवतात.

सरकारने आणखी एखादा पुतळा उभारावा, अशी आमची मागणी नाही. पुतळ्याला औषध लागत नाही. म्हाताऱ्या लॅब्रेडोरला मात्र लागते. त्याचे खुबे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, जिना चढवत नाही. निवृत्त श्वानाला घरी नेण्याचा पहिला हक्क त्याच्या हस्तकाचा असावा आणि औषधपाण्याचा व खाण्याचा खर्च अखेरपर्यंत खात्याने उचलावा. त्याने वाचवलेल्या जिवांपुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि गृहखात्याच्या अंदाजपत्रकात तर ती शोधूनही सापडणार नाही. ज्याचे घर दोन खोल्यांचे आहे, त्याच्यासाठी जिल्ह्याच्या श्वान पथकातच एक पिंजरा आणि थोडे अंगण राखून ठेवता येईल, म्हणजे रोज जाता-येता त्याची भेट होत राहील.

दुसरी गोष्ट तर बिनखर्चाची आहे. श्वान गेला की हस्तकाला चार दिवसांची रजा मिळावी, तीही खोटे कारण न लिहिता. आज त्याला अर्जात गावी कोणी आजारी असल्याचे किंवा स्वतःला ताप असल्याचे लिहावे लागत असेल, तर तो दोष त्याचा नाही. त्यानंतर काही महिन्यांत पथकात नवे पिल्लू येते. ‘सिट’पासून सगळे पुन्हा सुरू. पट्टा कोणाच्या हाती द्यायचा हे हजेरीपटावर पाहून ठरते. आम्ही म्हणतो, ते ठरवण्याआधी त्या माणसाला बोलावून विचारा, आणि त्याने अजून थोडे थांबायचे आहे असे सांगितले, तर तो शेरा त्याच्या सेवापुस्तकात पडू देऊ नका.