कुत्रं कुणाचं?

येत्या २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन आहे आणि त्यानंतर चौथ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, ग्रामसभा. मधले हे चार दिवस अंथुर्णेकरांनी एका प्रश्नासाठी राखून ठेवावेत, अशी आमची विनंती आहे. गावात आणि वाड्यावस्त्यांवर मोकळं फिरणारं कुत्रं कुणाचं?

शिळी भाकरी टाकताना ते आळीचं असतं. रात्री-अपरात्री अनोळखी माणसावर धावून जातं तेव्हा आपलं असतं. पोराच्या पोटरीला दात लागले की मात्र ते कुणाचंच नसतं. शहरात पट्ट्याचं कुत्रं आणि रस्त्यावरचं कुत्रं अशी वाटणी करता येते; आपल्याकडे ती टिकत नाही. वस्तीवरचं राखणीचं कुत्रं दिवसभर सुटंच असतं. मेंढ्यांच्या वाड्यामागून चालणारं एखादं वाटेत मागं राहतं आणि गावचं होऊन जातं. बेलवाडीचं रिंगण आटोपून तुकोबांची पालखी पुढं सरकते, तेव्हा दिंडीसोबत आलेलंही एखादं इथंच थांबतं. म्हणून नियम करायचाच तर आधी मालकी ठरवावी लागेल. प्रत्येक आळीने, प्रत्येक वस्तीने आपली कुत्री मोजून ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून द्यावीत. ज्याच्या दारात भाकरी, त्याच्या नावावर लस.

केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम मार्च २०२३ मध्ये आले. पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाची आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक संस्थेची, असं ते सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला कुत्र्यांना वाटेल तिथं खाऊ घालण्यावर बंदी घालून त्यासाठी जागा नेमून द्यायला सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, एसटी स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथं न सोडण्याचा आदेश दिला. कागदावर सगळं आहे. पण नसबंदीला मान्यताप्राप्त केंद्र लागतं, शस्त्रक्रियेची सोय लागते, नंतर काही दिवस ठेवायला पिंजरे लागतात. एकट्या ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही. त्यासाठी पाच-दहा गावांनी मिळून पंचायत समितीकडे आणि जिल्हा परिषदेकडे धरणं धरल्यासारखा पाठपुरावा करावा लागेल. लसीचं तसं नाही. ती गावाच्या हातात आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने दहांपैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, तर रेबीजची साखळी तुटते. गोव्याने घरोघरी आणि गल्लोगल्ली फिरून हेच केलं आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

गावोगाव दोन वाटा मात्र गुपचूप चालतात. एक, पोत्यात घालून दुसऱ्याच्या शिवारात सोडून यायचं. दुसरी, विष घातलेलं मटण टाकायचं. पहिलीत आपली पीडा शेजारच्या गावाला जाते आणि त्याची आपल्याकडे येते. दुसरी तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. मारून प्रश्न सुटत असता तर मुंबईचा कधीच सुटला असता. कुत्री मारण्याच्या इंग्रजी हुकमाविरुद्ध तिथं १८३२ च्या जूनमध्ये पारशी मंडळींनी दंगल केली. त्यानंतरही कित्येक दशकं कुत्री मारली जात राहिली आणि मुंबईतली कुत्री काही संपली नाहीत. मटणाच्या दुकानामागची आतडी, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, लग्नानंतर उकिरड्यावर पडलेल्या पत्रावळ्या जोवर आहेत, तोवर एक मेलं की त्या जागी दोन येणार. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट ज्या वारीच्या वाटेवर सांगितली जाते, त्या वाटेवरच्या गावाने विष टाकू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आमची खरी काळजी दिवाळीनंतरची आहे. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं धुराडं पेटलं की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतील. उसाच्या कडेला कोप्या पडतील. त्यांच्यासोबत त्यांचीही कुत्री येतील आणि गावच्या कुत्र्यांशी त्यांची झोंबाझोंबी होईल. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात आणि लहानगी कोपीत निजलेली राहतात. कोपीला ना दार असतं, ना कडी. आपण कुत्र्यांचे नियम करताना एसटी स्टँड आणि शाळेचं आवार डोळ्यांपुढे आणतो. या पोरांचं अंगण गावाच्या वहीत नसतंच.

चावा झाला की जखमेत मिरची, चुना, हळद भरण्याची सवय अजून सुटलेली नाही. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीतीही जुन्या माणसांच्या मनात घट्ट आहे. ते दिवस गेले. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत सीरमही लागतं. ते जवळ कुठं मिळतं, हे ग्रामपंचायतीने आधीच विचारून फलकावर लिहून ठेवलं पाहिजे. दंडावरची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज नाही. माणूस वाचत नाही.

गावातला माणूस या चार फेऱ्या कशाही करेल. टोळीतल्या पोराची शेवटची फेरी हुकते, कारण तोवर फड संपून टोळी दुसऱ्या गावच्या शिवारात गेलेली असते. मुकादमाच्या वहीत उचल आणि टनांचे आकडे लिहिलेले असतातच. कोपीत चावा झाला, तर त्याच पानावर पोराचं नाव आणि चार तारखा लिहाव्यात, असा ठराव २ ऑक्टोबरला व्हावा आणि त्याची प्रत कारखान्याच्या शेतकी विभागाकडे जावी. अठ्ठाविसाव्या दिवशी ती टोळी कुठल्या फडात असेल, हे त्या दोघांनाच ठाऊक असतं.