'हक' बघून सगळे शहाबानोवर बोलतायत, पण ती केस नेमकी कशाची होती?

'हक' थिएटरमध्ये आला तेव्हा फार गाजावाजा झाला नव्हता. ७ नोव्हेंबर २०२५ ला रिलीज झाला, ज्यांना बघायचा होता त्यांनी बघितला आणि विषय संपला. मग जानेवारी २०२६ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि सगळं चित्रच पालटलं. यामी गौतमचा कोर्टातला सीन कापून इतक्या रील्स फिरल्या, की सिनेमा न बघितलेल्यांनाही तो पाठ झाला. पाकिस्तानातल्या बायकांनी त्यावर व्हिडिओ केले. इम्रान हाश्मीने रंगवलेल्या नवऱ्याला शिव्या घालण्यात तर देशोदेशीचे लोक एक झाले.

सुपर्ण वर्मा यांचा हा सिनेमा जिग्ना व्होरा यांच्या पुस्तकावर बेतलेला आहे आणि त्यामागे शहाबानो खटला आहे. सिनेमातली बाई शाझिया बानो, नवरा अब्बास खान. तो वकील आहे, एक दिवस दुसरी बायको घरी घेऊन येतो आणि पुढे शाझियाला तलाक देतो. ती पोटगीसाठी कोर्टात जाते.

आता या रील्सखालच्या मराठी प्रतिक्रिया वाचा. बहुतेक तीनच सूर सापडतात. पहिला, 'तीन तलाक विरुद्ध लढलेली पहिली बाई.' दुसरा, 'कोर्टाने दिलं आणि सरकारने काढून घेतलं, तेव्हापासून मुस्लीम बायकांना पोटगीच नाही.' आणि तिसरा, 'बरं झालं, आपल्यात असलं काही नसतं.' तिन्ही गोष्टी इतक्या छातीठोकपणे लिहिलेल्या असतात की खऱ्याच वाटाव्यात. पण खटल्याची कागदपत्रं काही वेगळंच सांगतात.

ती तरुण नव्हती आणि मुद्दा तीन तलाकचा नव्हता

पडद्यावरची शाझिया तरुण आहे. खऱ्या शहाबानो कोर्टात गेल्या तेव्हा ६२ वर्षांच्या होत्या. लग्न १९३२ चं, इंदूरमधलं. तीन मुलगे, दोन मुली. नवरा नावाजलेला वकील. त्याने दुसरं लग्न केल्यानंतरही शहाबानो कित्येक वर्षं त्याच घरात राहिल्या. १९७५ मध्ये त्याने त्यांना घराबाहेर काढलं. म्हणजे ४३ वर्षांच्या संसारानंतर! माझ्या मते या केसमधली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट हीच आहे आणि सिनेमाने नेमकी तीच सोडून दिली. तरुण बाईवरचा अन्याय पडद्यावर चांगला दिसतो. साठी उलटलेल्या, पाच मुलांच्या आईला महिन्याच्या किराणासाठी अर्ज करावा लागतो, हे दिसायला तितकं देखणं नाही.

एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज केला. मागणी होती महिना ५०० रुपयांची, कारण तेव्हा कायद्यात कमाल मर्यादाच तेवढी होती. नवऱ्याचं वकिलीचं उत्पन्न वर्षाला साधारण ६० हजार. अर्ज कोर्टात असतानाच, ६ नोव्हेंबर १९७८ ला त्याने तलाक देऊन टाकला. हिशोब साधा होता: बायकोच राहिली नाही तर पोटगी कसली? मेहरचे ३,००० रुपये दिलेत, इद्दतचा काळ संपला की आपण मोकळे, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे कोर्टासमोरचा प्रश्न तलाक बरोबर की चूक हा नव्हताच. तलाक झाला हे धरूनच सगळं चाललं होतं. प्रश्न होता की तलाक दिलेल्या बाईला कलम १२५ लागू होतं की नाही. (तीन तलाक रद्द ठरला तो थेट २२ ऑगस्ट २०१७ ला, शायरा बानो खटल्यात. आणि त्यासाठी शिक्षेचा कायदा २०१९ मध्ये आला.)

ऑगस्ट १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने किती पोटगी दिली माहितीये? महिना २५ रुपये. पुढे जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेसाठी वकील नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ ला त्याचं अपील फेटाळलं. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, म्हणजे पुण्याच्या मराठी माणसाने. निकालाचा गाभा असा, की ज्याला ऐपत आहे त्याने बायको-मुलांना उघड्यावर टाकू नये म्हणून कलम १२५ आहे आणि ते धर्म विचारत नाही. 'बायको' या शब्दात पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटित बाईही येते, हे कायद्यातच लिहिलेलं होतं.

निकालानंतर देशभर मोर्चे निघाले. शहाबानोंवर इतका दबाव आला की त्यांनी स्वतःच त्या निकालाचा फायदा नको असं जाहीर केलं. जिंकलेली बाई जिंकल्यावर माघार घेते, हा भाग रीलमध्ये बसत नाही.

मग १९८६ नंतर पोटगी बंद झाली का?

राजीव गांधी सरकारने मे १९८६ मध्ये मुस्लीम महिलांसाठी वेगळा कायदा आणला. तो आणला तेव्हा हेतू काय होता, याबद्दल फार वाद घालण्यासारखं काही नाही. मतांचं गणित होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. पण कायद्याचं पुढे काय झालं, ते बहुतेकांना माहीत नसतं.

त्या कायद्यात एक वाक्य होतं, की नवऱ्याने इद्दतच्या मुदतीत बायकोसाठी 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' करावी. याचा अर्थ काय? नवऱ्यांचे वकील म्हणायचे, तीन महिन्यांपुरते पैसे. काही उच्च न्यायालयं म्हणाली, छे, तरतूद करायची मुदत तीन महिन्यांची आहे, पण तरतूद पुढच्या सगळ्या आयुष्याची. मुंबई उच्च न्यायालयाचं पूर्णपीठ याच बाजूचं होतं. शेवटी सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतीफी खटल्यात कायदा वैध ठरवला, पण अर्थ हाच लावला. हे लतीफी म्हणजे शहाबानोंचेच वकील. केस हरवायला आणलेल्या कायद्यातूनच त्यांनी बायकांसाठी वाट काढली, यावर कुणी सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

२००२ मध्ये औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नवऱ्याने कोर्टात येऊन 'मी हिला तलाक दिलाय' एवढं म्हणून भागत नाही. सबळ कारण होतं, आधी समेटाचा प्रयत्न झाला, हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. आणि १० जुलै २०२४ ला तेलंगणातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की घटस्फोटित मुस्लीम बाई १९८६ च्या कायद्याबरोबरच कलम १२५ चाही आधार घेऊ शकते.

त्यामुळे 'मुस्लीम बाईला पोटगी नाही' असं लिहिणारे भले तिच्या बाजूने लिहीत असतील, पण नुकसान तिचंच करतात. ते वाचून एखादीने अर्जच केला नाही तर?

आणखी एक तक्रार वारंवार दिसते, 'त्यांच्यातून कधी कुणी बोललं नाही.' महाराष्ट्रात बसून हे लिहिणं जरा कमालच आहे. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लीम बायका तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. शहाबानो निकालाच्या १९ वर्षं आधी. बरोबर होते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७७ मध्ये दलवाई गेले, काम मेहरुन्निसा दलवाई आणि सय्यदभाईंनी पुढे नेलं. सय्यदभाई या कामाकडे वळले ते बहिणीला मिळालेल्या तलाकमुळे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फक्त सात बायका होत्या म्हणून हसणारे तेव्हाही होते.

'आपल्यात असलं नसतं'

मी राहते त्या जूचंद्र-नायगाव पट्ट्यात मालिकांचे सेट आहेत. मेकअप व्हॅन आणि लाइटचे टेम्पो इथे रोजचे, त्यामुळे पडद्यावरचं किती मनावर घ्यायचं हे इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं. तरीही 'हक'ची क्लिप आमच्या बायकांच्या ग्रुपवर आली आणि दोन दिवस टँकर कधी येणार हे मेसेज मागे पडले. एका काकूंनी लिहिलं, 'नशीब आपल्यात असं नसतं.' त्यावर चार-पाच जणींनी हात जोडलेला इमोजी टाकला.

नसतं?

शहाबानो निकालाला तीन वर्षंही झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. जानेवारी १९८८. महाराष्ट्रातली एक हिंदू बाई त्याच कलम १२५ साठी सर्वोच्च न्यायालयात उभी होती. लग्न १९७४ मध्ये विधीवत लागलेलं. पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. कोर्ट म्हणालं, हिंदू विवाह कायद्याने हे दुसरं लग्न मुळातच रद्दबातल, म्हणजे ही कायद्याने 'बायको' नाही, म्हणजे पोटगी नाही. आपल्याला पहिलीबद्दल सांगितलंच नव्हतं, हा तिचा मुद्दाही उपयोगी पडला नाही. वकिलांमध्ये हा निकाल 'यमुनाबाई' नावाने ओळखला जातो. फसवणारा नवरा सुटला, फसलेली बाई रिकाम्या हाताने परत गेली. त्यावर ना मोर्चे निघाले, ना संसद हलली. २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने भूमिका थोडी सैल केली: पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर त्या बाईला पोटगी मागता येईल, नवऱ्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा मिळणार नाही.

आणि घटस्फोट 'आपल्यात' नव्हता, हेही अर्धंच खरं. वरच्या मानल्या गेलेल्या जातींत नव्हता. बाकी बऱ्याच समाजांत काडीमोड होती, त्यानंतर पाटही लागायचा. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द भाषेत उगाच आलेले नाहीत. तेव्हाच्या मुंबई प्रांतात सगळ्या हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला, देशाला तो १९५५ मध्ये मिळाला.

त्यातलं एक जुनं खूळ अजून टिकून आहे. स्टॅम्प पेपरवर 'राजीखुशीने वेगळे होत आहोत' असं लिहायचं, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, झाला घटस्फोट. तो होत नाही. समाजात तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तरच त्याला अर्थ, नाहीतर तो नुसता कागद. तोंडी तलाकवर तावातावाने लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांच्या नात्यात असा कागद कपाटात आहे, हे एकदा बघायला हवं. तोटा पुन्हा तोच: त्या कागदावर 'पोटगी नको' असं बाईकडून लिहून घेतलेलं असतं आणि तिला वाटतं आता सगळं संपलं.

पुरुषांची बाजू? डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूत अतुल सुभाषच्या आत्महत्येनंतर 'पोटगी म्हणजे लूट' हा सूर वाढला आणि 'हक'खालीही तो आहे. खोट्या केसेस होतात, त्याचा त्रास खरा आहे. पण कायदा वाचला तर स्वतःचं भागवू शकणाऱ्या बायकोला कलम १२५ ची पोटगी मिळत नाही. दोघं आपसांत ठरवून वेगळे राहत असतील तरीही नाही. आणि हिंदू विवाह कायद्याखाली नवराही पोटगी मागू शकतो. नांदेडमध्ये शिक्षिका असलेल्या बाईने घटस्फोटित नवऱ्याला महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कायम ठेवला.

रील बंद करून हे सेव्ह करा

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. ५०० रुपयांची ती जुनी मर्यादा २००१ मध्येच गेली. आता रक्कम दोघांचं उत्पन्न आणि गरज बघून ठरते. बाई सध्या जिथे राहते तिथेच अर्ज करता येतो, सासरच्या गावी जायची गरज नाही. म्हणजे माहेरी जूचंद्रला आलेल्या मुलीसाठी नायगावच्या पुढच्या स्टेशनवर, वसईला. खटला चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते आणि तो अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. शक्यतो या शब्दावर फार विसंबू नका.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी तिला मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा फोन १५१००, महिला हेल्पलाइन १८१. नवऱ्याची सॅलरी स्लिप हातात नसली तरी अडत नाही. नागपूर खंडपीठातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलंय, की दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. आदेश होऊनही त्याने पैसे थकवले तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करा, नंतर वॉरंट निघत नाही.