उद्याचे कर्ज

चालढकलीवर उपदेश करण्याचा अधिकार कोणाला? पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला तो मुळीच नाही, असे माझे मत आहे. ज्याने हा रोग जन्मभर अंगावर काढला त्याचेच ऐकावे. आणि या कसोटीवर डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्याइतका अधिकारी पुरुष इंग्रजी साहित्यात शोधून सापडणार नाही.

शेक्सपिअरच्या नाटकांची संपादित आवृत्ती काढण्याचे त्यांनी १७५६ साली जाहीर केले आणि ग्राहकांकडून आगाऊ पैसेही घेतले. पुस्तक निघाले ते १७६५ मध्ये. दरम्यान, पैसे घेतले पण पुस्तक कुठे आहे, असा टोमणा एका कवीने छापून मारला. ग्राहकांची यादी का छापली नाही, असे विचारल्यावर जॉन्सन यांनी उत्तर दिले की नावे हरवली आहेत आणि पैसेही खर्च झाले आहेत! स्वतःवर असे हसता येणे हा मला उपचाराचा पहिला भाग वाटतो. काम टाळणारा माणूस बहुधा कामाला भीत नसतो. काम बिघडले तर आपली प्रतिमा डागाळेल, याला तो भीत असतो. हसण्याने ती प्रतिमाच थोडी खाली उतरते.

दुसरा भाग व्यवहाराचा. हेच जॉन्सन १७५० ते १७५२ या काळात 'रॅम्ब्लर' नियतकालिकासाठी आठवड्यातून दोनदा निबंध लिहीत होते. त्यातील १३४ वा निबंध दिरंगाईवरच आहे. कोणता विषय घ्यावा या विचारात वेळ घालवला, तोवर छापखान्यातून बोलावणे आले, अशी कबुली ते त्यातच देतात. यातून घ्यायचा धडा असा, की निश्चयावर विसंबू नये. दाराशी कोणीतरी येऊन उभे राहील अशी व्यवस्था करावी. काम लहान असावे, तारीख दुसऱ्याच्या हाती असावी आणि विषय निवडण्याची मुभा कमी असावी.

तिसरा भाग श्रद्धेचा, आणि तो सर्वांत अवघड. जॉन्सन निष्ठावंत ख्रिस्ती होते. दर ईस्टरला ते लवकर उठण्याचा संकल्प करीत आणि तो मोडत. रात्र येत आहे, या अर्थाचे योहानाच्या शुभवर्तमानातील शब्द त्यांनी घड्याळावर ग्रीकमध्ये कोरून घेतले होते. मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत त्यांना आयुष्यभर छळत राहिला. ही धास्तीच त्यांच्या आळसाला खतपाणी घालत होती, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. पण १७७५ च्या गुड फ्रायडेला, मोडलेल्या संकल्पांचा हिशेब मांडून झाल्यावर, पुन्हा प्रयत्न का करावा याचे उत्तर त्यांनी लिहून ठेवले: सुधारणे आवश्यक आहे आणि निराश होणे हा अपराध आहे. मला यात शुभवर्तमानातील दुसरा दृष्टांत ऐकू येतो. द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पूर्ण मजुरी मिळते. क्षमा याचा अर्थ सूट नव्हे. मागची थकबाकी न फेडताही आजचे काम हाती घेता येते, एवढाच तिचा अर्थ. जो कालचे आधी भरून काढू पाहतो, त्याचा आजचा दिवसही जातो.

मात्र एक थकबाकी अशी असते की ती कोणत्याही उपायाने फिटत नाही. लिचफील्डला राहणाऱ्या वृद्ध आईकडे जॉन्सन जवळजवळ वीस वर्षे गेले नव्हते. १७५९ च्या जानेवारीत ती गेली. त्यांची भेट राहिलीच. तिच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी 'रासेलस' ही कादंबरिका एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून लिहून काढली. लिहिणे इतके सोपे होते. जाणे मात्र जमले नाही.

म्हणून कामांची यादी करताना एवढे पाहावे: कोणते काम उशिरा झाले तरी चालेल, आणि कोणते माणूस वाट पाहत थांबू शकणार नाही. पुस्तक नऊ वर्षे थांबू शकते.