एका पायरीचे अर्थशास्त्र

उन्हाळ्याची सुटी लागली की राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मध्यमवर्गीय कुटुंबे मुंबईची वाट धरतात. गेटवे, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, घारापुरी आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह हा क्रम गेल्या दोन-तीन पिढ्यांत फारसा बदललेला नाही. शिक्षक-कारकुनांच्या घरांत या चार दिवसांसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले जातात. परंतु ज्या घरात कोणी चाकांच्या खुर्चीवर आहे, तेथे हा बेत पुष्कळदा ठरण्यापूर्वीच मोडतो. आणि तो मोडण्याचे कारण दर वेळी पैसा नसतो, पायरी असते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लक्ष आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लक्ष ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. यांतील सर्वच चाकांची खुर्ची वापरतात असे नव्हे. तथापि सहल हा एकट्या व्यक्तीचा नव्हे, कुटुंबाचा निर्णय असतो. आजी घरी राहिली की आई घरी राहते आणि आई घरी राहिली की मुलेही राहतात. एका माणसाला अडविणारी पायरी वस्तुतः चौघांना अडविते. ‘असे कितीसे लोक येतात?’ हा अधिकाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. जे येऊच शकले नाहीत, त्यांची गणना प्रवेशद्वारावर होत नाही. मागणी नाही म्हणून सोय नाही असे म्हणावयाचे आणि सोय नाही म्हणून मागणी दिसत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

कोल्हापूरच्या एखाद्या कुटुंबाचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. चालण्यास असमर्थ प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वे द्वितीय वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत देते, हे स्वागतार्हच. परंतु सर्वसाधारण डब्याच्या उंच पायऱ्या आणि अरुंद दार यांपुढे ही सवलत निम्मी निरुपयोगी ठरते. भाड्यात सूट आहे, चढण्याची सोय मात्र हमालाच्या खांद्यावर! छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रेल्वेमार्ग संपत असल्याने लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरल्यावर पूल न ओलांडता बाहेर पडता येते. खरी परीक्षा पुढे रस्त्यावर सुरू होते. पदपथाची उंच कड, वाहने चढू नयेत म्हणून रोवलेले खांब आणि उखडलेल्या फरशा यांतून वाट काढीत खुर्ची अखेर भर रहदारीत उतरते. गेटवेच्या धक्क्यावर ओल्या पायऱ्या आणि हेलकावणारी लाँच. घारापुरीस लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आणि त्यांसाठी डोली.

येथे एक भेद केला पाहिजे. घारापुरीचा डोंगर निसर्गाने उभा केला आहे. तो सपाट करा असे कोणी म्हणत नाही. पदपथाची कड मात्र माणसाने, सार्वजनिक पैशाने बांधलेली आहे. निसर्गाचा अडथळा सोसावा लागेल. कंत्राटदाराचा का सोसावा?

यासाठी लागणारे तंत्र गहन नाही. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार पुरतो. मूळ आराखड्यातच तो धरला, तर त्याचा खर्च एकूण कामात जाणवतही नाही; बांधलेले फोडून पुन्हा बांधावयाचे झाले, तर तोच खर्च अनेक पटींनी वाढतो. शिवाय त्याचा लाभ वृद्धांना, गर्भवतींना, बाबागाडी ढकलणाऱ्या मातेला आणि सामान वाहणाऱ्या हमालालाही होतो. २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोत उद्वाहने आहेत आणि डब्याचा तळ फलाटाच्या पातळीत आहे. मनात आणले तर हे साधते, याचा हा पुरावा. पण उद्वाहनातून वर आलेल्या प्रवाशाच्या वाट्याला पुन्हा तोच पदपथ येणार असेल, तर भुयारातील खर्चाचे सार्थक कसे व्हावे?

कायद्याची उणीव नाही. १९९५ चा कायदा झाला, त्याची जागा २०१६ च्या अधिक व्यापक कायद्याने घेतली. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी त्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, या बाबतचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय दिला. उणीव आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. आपण इमारती मोजतो, प्रवास मोजत नाही. दहा सुगम इमारती आणि त्यांच्या मधोमध दहा दुर्गम रस्ते, यांची बेरीज शून्य होते.

म्हणून महापालिकेने शंभर ठिकाणी तुकडे जोडण्याऐवजी प्रथम दोन अखंड मार्ग सिद्ध करावेत. एक टर्मिनसपासून हुतात्मा चौक आणि वस्तुसंग्रहालयावरून गेटवेच्या प्रांगणापर्यंत. दुसरा चर्चगेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत. प्रत्येक मार्गाची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर असावी. खुर्ची वापरणाऱ्या नागरिकांनी तो मार्ग स्वतः पार केल्याविना कंत्राटदाराचे देयक चुकते होऊ नये. आणि कोठे जाता येते व कोठे नाही, याची प्रामाणिक माहिती प्रवाशाला घर सोडण्यापूर्वी मिळावी.

समुद्र पाहण्याचा आनंद ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या समुद्रकिनाऱ्याच्या शोभेचा खर्च सर्वांच्या करातून होतो, तो पाहण्यासाठी कोणाला उचलून न्यावे लागणे ही शहराची नामुष्की आहे.