पाइपमधली गुडगुड फिल्टरनं थांबते, पण नेमकं गाळलं काय जातं?

पाइप ओढताना नळीतून गुडगुड ऐकू येते आणि मग एखादा कडू, तपकिरी थेंब जिभेवर येतो. पाइप ओढणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार. उपाय म्हणून फिल्टर बसवला जातो, गुडगुड थांबते, धूर गार आणि कोरडा लागतो. इथपर्यंत ठीक. गडबड पुढच्या वाक्यात असते : ‘फिल्टर आहे ना, मग काळजी नाही.’ पाइपचा फिल्टर पाण्याचा बंदोबस्त चांगला करतो, हे मला मान्य आहे. पण त्याला आरोग्याचं प्रमाणपत्र समजायला माझा ठाम विरोध आहे. का, ते समजण्यासाठी आधी या पाण्याकडे बघू.

पाणी येतं कुठून?

बहुतेक जण थुंकीला दोष देतात. थोडा वाटा तिचा असतोच, पण पाइपची तंबाखू मुळात सिगारेटमधल्या तंबाखूपेक्षा ओलसर असते. समजा, २ ग्रॅम तंबाखू भरली आणि तिच्यात १५ टक्के पाणी आहे. म्हणजे ०.३ ग्रॅम, साधारण सहा थेंब. हे पाणी कमी करता येतं. म्हणून जाणकार भरण्याआधी तंबाखू कागदावर पसरून थोडी वाळू देतात.

खरी गंमत पुढे आहे. पानात सेल्युलोज असतं, सेल्युलोजमध्ये हायड्रोजन असतो आणि हायड्रोजन जळला की पाणीच तयार होतं. कागदावरचा हिशेब असा : १ ग्रॅम सेल्युलोज पूर्ण जळलं, तर अर्ध्या ग्रॅमहून जास्त पाणी तयार होतं. पाइपमध्ये ज्वलन अर्धवट असतं, त्यामुळे आकडा कमी भरेल. तरीही खडखडीत वाळलेली तंबाखूसुद्धा पाणी सोडणारच. गॅसवर गार पातेलं ठेवलं की बाहेरून बुडाला ओल सुटते, ती हीच.

ही वाफ गार नळीत शिरली की तिचे थेंब होतात आणि डांबरासारखे पदार्थ त्यात मिसळतात. तोंडाकडची नळी लाकडी दांड्यात बसते, त्या सांध्यात बारीक फट असली की धूर तिथे घुटमळतो आणि पाणी साचतं. घाईघाईने झुरके घेतले तर आग भडकते, वाफ वाढते, जीभ पोळते. फिल्टरशिवायचा साधा उपाय म्हणजे सावकाश ओढणं आणि मधूनच पाइप क्लीनर नळीत घालून ओल टिपून घेणं. गरम असताना नळी पिळून काढू नये, सांधा तडकतो.

फिल्टरचे प्रकार

या ओलीशी कारागिरांची झुंज जुनी आहे. डब्लिनच्या पीटरसनने १८९० मध्ये ‘सिस्टिम’ पाइपचं पेटंट घेतलं. त्यात धुराच्या वाटेखाली एक खळगा आहे. पाणी त्यात पडतं आणि धूर वरून पुढे जातो. ना सुटा भाग, ना दरवेळी नवीन खरेदी. वाफेच्या पाइपलाइनवर पाणी गोळा करायला खाली एक आंधळी नळी ठेवतात, त्याचा हा छोटा भाऊ. इंजिनीअर म्हणून मला हीच रचना सर्वात जास्त आवडते.

इटलीची साविनेली कंपनी ६ मिमीचा बाल्सा लाकडाचा तुकडा वापरते, कॅनडाची ब्रिगहॅम मेपल लाकडाची नळी. जर्मनीत ९ मिमीचे फिल्टर रूढ आहेत. त्यात बहुधा सक्रिय कोळशाचे दाणे असतात. ९ मिमीच्या पाइपमध्ये फिल्टर न घालता ओढलं, तर मोठ्या पोकळीत धूर गार होऊन उलट जास्त पाणी सुटतं. आणि भिजलेला फिल्टर चार-चार दिवस वापरणं म्हणजे ओल्या फडक्यानं ओटा पुसत बसणं.

आता मुख्य प्रश्न. कोळसा काही वायू आणि डांबरातला काही भाग धरून ठेवतो, हे खरं. पण कार्बन मोनॉक्साइड? तो अशा कोळशातून जवळपास तसाच निघून जातो. निकोटीनही पुरेसं पोहोचतं. नाहीतर कोणी पाइप ओढलाच नसता. ‘मी धूर आत घेत नाही’ हा बचावही कच्चा आहे. पाइपचा धूर सिगारेटच्या धुराच्या तुलनेत अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं. पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालातच नोंदवलेला आहे.

सिगारेटच्या फिल्टरचा इतिहासही आठवावा. धूर सौम्य लागला म्हणून लोकांनी ‘लाइट’ सिगारेट जवळ केल्या आणि झुरके खोल घेतले. सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालानुसार १९५० च्या दशकापासून सिगारेटच्या रचनेत आणि घटकांत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमा या कर्करोगाचा धोका वाढला.

आपल्याकडे चिलमीच्या बुडाशी ओली छापी धरतात, हुक्क्यात धूर पाण्यातून येतो. दोन्हींमागे समजूत तीच : पाण्यानं धूर ‘धुतला’ जातो. पाण्यानं धूर गार होतो, एवढंच. राज्यानं २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली, तेव्हाही ‘पाण्यातून येतो हो’ हा युक्तिवाद ऐकू येत होताच.

यात एक फट कायद्याचीही आहे. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्याच्या यादीत पाइपची तंबाखू येते, त्यामुळे डब्याच्या ८५ टक्के भागावर इशारा छापावा लागतो. फिल्टर त्या यादीत नाही. म्हणजे डब्यावर कर्करोगाचं चित्र आणि शेजारच्या फिल्टरच्या पाकिटावर एक अक्षर नाही! ग्राहक दोन्ही एकत्रच घेतो. ‘हा फिल्टर ओल शोषतो, धोका कमी करत नाही’ एवढी ओळ आणि तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक फिल्टरच्या पाकिटावरही सक्तीनं छापायला हवा.