कैदेतून छूमंतर!

कोठडीत कोंबलेली जादूगार मंत्र म्हणून गायब झाली, तर ते चीटिंग का? माझं सरळ मत : नाही. चीटिंग होते ती दुसरीकडे, आणि बहुतेक वेळा ती डीएमच्या खुर्चीत बसलेली व्यक्ती करते. (आमच्या डीएमने हे वाचावं म्हणूनच लेख दिलाय. तोंडावर सांगून झालं, ऐकत नाही.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझी शाळा कॉन्व्हेंट. ऱ्हस्व-दीर्घाची गडबड दिसली तर मराठी विभागाच्या संपादकांना पकडा, तपासायचं काम त्यांच्याकडे होतं.

आता ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः सरांसाठी आणि रेक्टर मॅडमसाठी, थोडक्यात. शनिवारी रात्री लेडीज हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाच-सहा जणी फासे टाकून ओरडत असतात, तो जुगार नव्हे. त्या खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली तो काढला. एकजण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. ती गोष्ट सांगते. बाकीच्या एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार, आणि "मी आता हे करते" असं म्हणतात. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्राला काय येतं, कुठले मंत्र येतात, ते सगळं आधीच एका कागदावर लिहिलेलं असतं. हा कागद महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.

तर झालं असं. गेल्या सेमिस्टरला आमची पाच जणांची टोळी एका सरदाराच्या हाती लागली. डीएमने तुरुंगाची जय्यत तयारी केली होती. नकाशा, पहारेकऱ्यांचं टाइमटेबल, भिंत कोरणारा म्हातारा कैदी, सगळं. तीन शनिवार पुरेल एवढा माल. आमची जादूगार (सिव्हिलची आहे, एरवी वर्गात तोंड उघडत नाही) तिने कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "मी डायमेन्शन डोअर टाकते."

डीएम दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "नाही चालणार. या जेलमध्ये जादू चालत नाही."

"कधीपासून?"

"आधीपासूनच."

"अगं, मग मगाशी मी उजेडाचा मंत्र टाकला तो कसा चालला?"

यावर उत्तर नव्हतं. म्हणजे एक होतं, "मी डीएम आहे." पुढचे तीन शनिवार ती मुलगी खाली आलीच नाही. आम्ही चमच्याने भिंत कोरत बसलो आणि सगळ्यांनाच कंटाळा आला.

डायमेन्शन डोअर हा चौथ्या पातळीचा मंत्र. विझार्डला तो सातव्या लेव्हलला मिळतो. सातव्या लेव्हलपर्यंत पोचायला तिने अख्खं सेमिस्टर घालवलं होतं, सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा ती खेळायला आली होती. नेमका ज्या दिवशी तो मंत्र उपयोगी पडणार त्याच दिवशी नियम बदलला. पेपर हातात पडल्यावर सिलॅबस बदलला तर आपण काय करू? आमच्या शाळेत सिस्टर शिक्षा कडक करायच्या, पण नियम आधी नोटीस बोर्डावर लागायचा. गुन्हा झाल्यावर बोर्डावर नियम चढलेला मी तरी पाहिला नाही.

डीएम लोकांची तक्रार अशी असते की टेलिपोर्टने सगळी मजाच जाते. मंत्र म्हटला, बाहेर पडला, गोष्ट संपली. मला वाटतं असं म्हणणाऱ्यांनी तो मंत्र नीट वाचलेलाच नसतो. आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो, पुस्तक सिनियरकडून आलेलं एकच आहे, पण वाचायला कोणी अडवलेलं नाही. 'मिस्टी स्टेप' घ्या. दुसऱ्या पातळीचा, तिसऱ्या लेव्हलला मिळतो. फक्त ३० फूट, एकट्यानेच, आणि जिथे जायचं ती जागा डोळ्यांनी दिसली पाहिजे. म्हणजे गजांची कोठडी असेल तर पलीकडे जाता येईल. जाड लाकडी दार असेल तर बसा आत. डोळ्यांवर पट्टी बांधली की खेळ खलास.

डायमेन्शन डोअरला दिसण्याची गरज नाही. "सरळ वर २०० फूट" एवढं सांगितलं तरी चालतं, जास्तीत जास्त ५०० फूट. पण त्या जागी भिंत किंवा माणूस निघाला तर मंत्र फुकट जातो आणि चार फाशांचा मार बसतो. तळघरातल्या कैद्याला आपण जमिनीखाली किती खोल आहोत हे कुठे माहीत असतं? इथे सर्व्हेइंग कामाला येतं (सिव्हिलवाल्यांनो, खूष व्हा). पायऱ्या मोजा, पहारेकऱ्याला बोलतं करा, उंदीर कुठून येतो बघा. आमच्या मुलीने जेलमध्ये आणताना पायऱ्या मोजल्या होत्या, हेही सांगून टाकते.

आणि खरा 'टेलिपोर्ट', जो मैलच्या मैल नेतो? २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो पाचव्या पातळीचा होता, म्हणजे विझार्डला नवव्या लेव्हलला मिळायचा. पाचव्या आवृत्तीत तो सातव्या पातळीवर नेला, म्हणजे थेट तेराव्या लेव्हलला. खेळ काढणाऱ्यांनीच त्याला उंच फळीवर ठेवला आहे. शिवाय जागा जितकी कमी ओळखीची तितका नेम चुकण्याचा धोका जास्त. १९७८ च्या पुस्तकात तर तुम्ही जमिनीच्या खाली उमटलात की जागच्या जागी मेलात, अपील नाही. एवढं टोकाचं नको, पण त्या काळात लोक हा मंत्र जिवावर बेतल्याशिवाय टाकत नसणार आणि त्यातही एक मजा असेल.

आता जेलरच्या बाजूने विचार करू. ज्या जगात जादूगार आहेत त्या जगातला जेलर काय मूर्ख आहे? आपण पूल बांधताना नदीला पूर येतो हे धरून चालतो, तसं तो जादू धरूनच तुरुंग बांधणार. हे तिन्ही मंत्र फक्त तोंडाने म्हणायचे आहेत, हात हलवायची गरज नाही. म्हणून हातात बेड्या ठोकून उपयोग नाही, तोंडात बोळा कोंबावा लागतो. तरीही 'सॉर्सरर' जातीचा जादूगार निघाला आणि त्याने न बोलता मंत्र टाकायची युक्ती शिकलेली असली तर बोळासुद्धा वाया. विझार्डची मंत्रांची वही काढून घ्यावी, पण त्याने सकाळी तयार केलेले मंत्र डोक्यातच असतात, ते वहीबरोबर जात नाहीत. त्याहून पक्कं काही हवं असेल तर 'डायमेन्शनल शॅकल्स' नावाच्या बेड्या आहेत. त्या घातलेल्याला टेलिपोर्ट होताच येत नाही, आणि जोर लावून तोडायचा प्रयत्न तीस दिवसांतून एकदाच. किंवा 'प्रायव्हेट सँक्टम' हा मंत्र. तो जागेवर टाकला की आत-बाहेर टेलिपोर्ट बंद. एकाच जागी रोज असा वर्षभर टाकला तर कायमचा. विचार करा, एखाद्या सरदाराने जादूगार नोकरीला ठेवून ३६५ दिवस, दिवाळी-दसऱ्याची सुट्टी न देता, कोठडीवर मंत्र टाकून घेतलाय! असा तुरुंग असेल तर माझी काहीच हरकत नाही. फक्त त्याच्या खुणा आधी दिसू देत. दारावर कोरलेली अक्षरं असोत, पहारेकऱ्याने मारलेली बढाई असो, नाहीतर उजेडाचा मंत्र चालला पण त्याच कोठडीतला जुना जादूगार मात्र दहा वर्षं आतच आहे, एवढं दिसलं तरी पुरे. हुशार खेळाडू त्यावरून ओळखते.

हॅरी पॉटर सगळ्यांनी वाचलाय. हॉगवर्ट्समध्ये ॲपरेट होता येत नाही हे हर्मायनी पुन्हा पुन्हा सांगत असते, म्हणून कोणाला ते अन्याय वाटत नाही. आमच्या खेळात बॅरोव्हिया नावाचा देश आहे, स्ट्राड नावाच्या व्हॅम्पायरचा (पहिलं पुस्तक १९८३ चं, नवं २०१६ चं). तिथून कुठल्याच मंत्राने बाहेर पडता येत नाही. पण ते धुकं गोष्टीच्या सुरुवातीपासून समोर उभं असतं. २०१५ चं 'आउट ऑफ द ॲबिस' तर सुरूच होतं कैदेत, पहिल्या लेव्हलला. तेव्हा विझार्डकडे मिस्टी स्टेपसुद्धा नसतो, त्यामुळे कमावलेलं काही हिसकावून घेतल्यासारखं होत नाही. याउलट १९८१ च्या 'इन द डन्जन्स ऑफ द स्लेव्ह लॉर्ड्स'मध्ये तयार पात्रांचं सगळं सामान काढून घेऊन त्यांना अंधाऱ्या गुहेत सोडतात. तो स्पर्धेसाठी लिहिलेला डाव, सगळ्यांची सुरुवात सारखीच, म्हणून ठीक. तेच घरच्या ग्रुपमध्ये केलं तर भांडणं होतात. पात्र मेलं तर आमच्याकडे मुली हसतात. पात्राला कैद केलं की रडकुंडीला येतात. का ते मला आता कळतं : मरण फाशाने येतं, कैद मात्र डीएमची मर्जी वाटते.

पण आमच्या डीएमने जे खरं घालवलं ते वेगळंच. डायमेन्शन डोअर स्वतःबरोबर एकालाच नेतो, आणि तोही राजी असला पाहिजे. आम्ही पाच जण होतो. दोन जाणार, तीन राहणार. तिच्याकडे त्या पातळीचा मंत्र दिवसाला एकदाच. पुन्हा टाकायचा तर आठ तास विश्रांती हवी, आणि आठ तासांत जेलर मागे राहिलेल्या तिघांचं काय करेल? बरोबर न्यायचं कोणाला? जखमी चोराला की चांगल्या लढणाऱ्या योद्ध्याला? आणि माझी पुजारी म्हणाली असती का, "मला नको, तिला ने"? मला अजून माहीत नाही, कारण तो प्रश्न आलाच नाही. त्याऐवजी आम्हाला चमचा मिळाला.

आग्र्याहून सुटकेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, १६६६ ची. पेटारे सगळ्यांना आठवतात. मला मात्र त्या गोष्टीत पांघरूण घेऊन महाराजांच्या पलंगावर पडून राहिलेले हिरोजी फर्जंद आणि पाय चेपत बसलेला मदारी मेहतर जास्त आठवतात. पॉटरच्या सातव्या पुस्तकातही तसंच. मॅलफॉयच्या तळघरातून जादूगार मुलांना निघता येत नाही, डॉबीला येतं, कारण घर-एल्फची जादू वेगळी. तो कैद्यांना काढतो आणि शेवटच्या खेपेला स्वतः सुरी लागून मरतो. मंत्र चालला म्हणून गोष्ट कुठे संपली? मंत्र चालला म्हणूनच ती तशी झाली.

तयारी वाया जाते म्हणाल, तर तीही जात नाही. पळालेली जादूगार परत येणारच, मैत्रिणी आत आहेत ना. मग तोच नकाशा, तेच पहाऱ्याचं टाइमटेबल बाहेरून वापरायचं. तीन शनिवारांचे चार होतील. डीएमने एवढंच करावं की टोळी पकडायच्या आदल्या रात्री सगळ्यांचे कागद मागून घ्यावेत आणि मंत्रांची यादी वाचावी. दहा मिनिटांचं काम आहे, जर्नल कॉपी करण्यापेक्षा कितीतरी सोपं. (बेड्या टेलिपोर्टबरोबर येतात की मागे गळून पडतात, हेही तेव्हाच ठरवून टाका. यावर आमची एक अख्खी रात्र गेली आहे आणि मेसचा नाश्तासुद्धा.)

पुढच्या सेमिस्टरला डीएम मी आहे. सिव्हिलवालीने "बघते" म्हटलंय. माझा तुरुंग तयार आहे आणि त्याबद्दल आत्ताच छापून सांगते, म्हणजे नंतर बोंब नको. जादू तिथे चालते. जेलरकडे डायमेन्शनल शॅकल्सचा एकच जोड आहे, कारण त्या महाग असतात. तुमच्यातली जादूगार कोण हे त्याला माहीत नाही. तो कपड्यांवरून आणि हातातल्या वहीवरून अंदाज करणार. पकडले जाण्याआधी तुम्हाला एक मिनिट मिळेल. झगा कोणाच्या अंगावर चढवायचा ते ठरवून या.